मेचनिकॉफ : प्रश्न खरा, उत्तर घाईचे

दह्याचे गुण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहेत. परंतु दह्याला शास्त्राच्या दरबारात आसन मिळवून देण्याचा मोठा प्रयत्न झाला तो पॅरिसमध्ये, आणि तो करणारे होते एली मेचनिकॉफ. त्यांचे चरित्र आज पुन्हा आठवावे, असे दिवस आले आहेत.

त्या वेळच्या रशियन साम्राज्यात, खारकोव्हजवळ १८४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचा विद्यापीठीय अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली. दोनदा त्यांनी जीवनयात्रा संपविण्याचाही प्रयत्न केला. अशा माणसाने पुढे दीर्घायुष्याचे शास्त्र मांडावे, हा दैवयोगच म्हणावा लागेल.

१८८२ मध्ये मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा वेढा! शरीरातील भक्षक पेशी रोगजंतूंना गिळतात, या सिद्धांताचा उगम येथे झाला. याच कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसा येथील त्यांचेच विद्यार्थी होत.

१८८८ पासून मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्न कुजवितात आणि त्या विषाने वार्धक्य ओढवते, असे मत त्यांनी तेथे मांडले. बल्गेरियातील शेतकरी आंबविलेले दूध पितात आणि दीर्घायुषी होतात, या समजुतीचा त्यांनी आधार घेतला. मग काय विचारता! युरोप-अमेरिकेत दह्याचा आणि जिवाणूंच्या गोळ्यांचा व्यापार फोफावला. आतड्यातील विषाच्या याच भीतीपोटी लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर रुग्णांची मोठी आतडीच काढून टाकली.

मेचनिकॉफ स्वतः वर्षानुवर्षे आंबविलेले दूध पीत. १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते निवर्तले. बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करीत नाहीत, असे पुढे दिसून आले. कुजण्याच्या विषाचा सिद्धांतही मागे पडला.

मात्र त्यांचा मूळ प्रश्न टिकला. मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू नांदतात, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य आतड्यात असतात आणि तंतुमय अन्नाचे पचन, काही जीवनसत्त्वांची निर्मिती अशी कामे करतात. मेचनिकॉफना शत्रू वाटलेली ही वसाहत पुष्कळ अंशी मित्रांची निघाली. प्रतिजैविकांनंतर आतड्यात उलटून येणाऱ्या एका हट्टी संसर्गावर नेदरलँड्समध्ये निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडून पाहण्यात आले. २०१३ च्या त्या अहवालानुसार १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच उपचाराने बरे झाले.

शास्त्रज्ञ प्रश्न विचारतो. बाजाराला उत्तराची घाई असते, कारण उत्तरच विकता येते. आज जिवाणूंच्या महागड्या पुड्या घेणाऱ्याने कोणत्या रोगावर, कोणता जिवाणू, कोणत्या पुराव्याने, एवढे तरी विचारावे. आणि साध्या सर्दीपडशासाठी प्रतिजैविके गिळणाऱ्याने आपण आतल्या मित्रांवरही शस्त्र चालवीत आहोत, याचे भान ठेवावे. घरचे दही खुशाल खावे. मात्र त्याच्याकडून अमृताची अपेक्षा करू नये.