यंत्राला भाषा देणारी प्राध्यापिका : ग्रेस हॉपर

संगणक हा शब्द निघाला की आपण कलाशाखेचे विद्यार्थी जरा अंग चोरून बसतो. तो प्रांत गणितवाल्यांचा, अशी आपली समजूत असते. पण हे यंत्र सर्वसामान्यांच्या हाती आले त्यामागे एक भाषेचाच प्रश्न होता, आणि तो सोडवण्यासाठी झटणारी व्यक्ती आपल्यासारख्याच एका महाविद्यालयातील प्राध्यापिका होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ग्रेस मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी तिने ते उकलले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातली सात घड्याळे सुटी झाली. आईने तिच्या या उद्योगाला बंदी केली नाही; यापुढे एकच घड्याळ, एवढी मर्यादा मात्र घातली. वस्तू उघडून पाहण्याची ही खोड पुढे जन्मभर टिकली. व्हासार कॉलेजातून ती १९२८ साली पदवीधर झाली, १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला आणि १९३४ साली येल विद्यापीठाने तिला गणितातील डॉक्टरेट दिली. व्हासारमध्येच ती गणित शिकवू लागली.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. हॉपरबाईंनी नौदलात जायचे ठरवले. वय अधिक, वजन नियमापेक्षा कमी, शिवाय गणिताचे अध्यापन हेही देशकार्यच मानलेले. तरीही खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली. तेथे सुमारे ५१ फूट लांबीचे मार्क वन हे यंत्र रात्रंदिवस युद्धाची गणिते सोडवीत होते.

यंत्राला प्रत्येक आज्ञा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून द्यावी लागे. बाई आणि त्यांचे सहकारी उपयोगी पडलेले आज्ञांचे तुकडे वह्यांत उतरवून ठेवीत आणि एकमेकांच्या वह्यांतून ते नकलून घेत. नकलताना हमखास चुका होत. हे नकलण्याचे काम यंत्रानेच का करू नये, या विचाराचे बीज या वह्यांत होते.

येथे एक प्रचलित समज दूर केला पाहिजे. १९४७ साली मार्क टू यंत्रात अडकलेला एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवण्यात आला. त्यावरून चुकीला ‘बग’ म्हणण्याची प्रथा हॉपरबाईंनी पाडली असे सांगतात. वस्तुतः हा शब्द तंत्रज्ञांत आधीपासूनच रूढ होता. बाईंनी ती हकीकत रंगवून सांगितली आणि ती सर्वतोमुखी झाली, इतकेच.

१९४९ साली त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. १९५२ पर्यंत तेथे त्यांचा पहिला कॉम्पायलर तयार झाला. साठवलेले आज्ञांचे तुकडे शोधून, जुळवून यंत्र स्वतःच आपली आज्ञावली सिद्ध करू लागले. यंत्र केवळ आकडेमोड करते, आज्ञावली लिहू शकत नाही, असे ठामपणे मानणाऱ्यांचा यावर विश्वास बसेना.

पण खरी थोरवी पुढे आहे. ए-टू ही त्याची सुधारित आवृत्ती १९५३ साली ग्राहकांकडे गेली, ती मूळ आज्ञावलीसह. वाचा, वापरा, सुधारा आणि केलेल्या सुधारणा आम्हांला कळवा, असे आवाहनही सोबत होते. वहीतून वहीत नकलून घेण्याची हार्वर्डमधली रीत आता गावोगावच्या यंत्रांपर्यंत पोचली.

यानंतर बाईंनी भाषेला हात घातला. व्यापारउदीम सांभाळणाऱ्या माणसाला बीजगणिताची चिन्हे का शिकवावीत? त्याच्या नेहमीच्या शब्दांतच आज्ञा का घेऊ नयेत? कंपनीला पटवण्यासाठी त्यांनी तीच आज्ञावली इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली, तेव्हा वरिष्ठ हबकूनच गेले. यंत्राच्या दृष्टीने सर्व भाषा सारख्याच, ही साधी गोष्ट त्यांना पचेना. त्यातून फ्लोमॅटिक भाषा झाली आणि १९५९ साली एका समितीने मुख्यतः तिच्याच पायावर कोबोल उभारली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. कोबोल पाल्हाळिक आहे म्हणून पंडितांनी तिला नावे ठेवली. बँका आणि सरकारी कचेऱ्यांनी ती उचलून धरली.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि १९६७ साली सहा महिन्यांसाठी परत बोलावले. त्या सहा महिन्यांची जवळजवळ एकोणीस वर्षे झाली! निरनिराळ्या कंपन्यांचे कॉम्पायलर कोबोलच्या नियमांना धरून आहेत की नाहीत, हे तपासणाऱ्या आज्ञावल्या त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. १९८६ साली वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटीत. एका सेकंदाच्या अब्जांश भागात प्रकाश जेवढे अंतर कापतो, तेवढी त्यांची लांबी. शिक्षकाचा पिंड गणवेशातही लपत नसे.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी काही महिनेच, १९९१ साली, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवरची लिनक्स ही प्रणाली मूळ आज्ञावलीसह सर्वांसाठी खुली केली होती. पुढे देशोदेशींच्या लोकांनी तिच्यासाठी छपाईयंत्रे, ध्वनियंत्रे चालवणारे ड्रायव्हर आणि नाना उपयोगी आज्ञावल्या लिहिल्या, एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या. मधल्या काळात मूळ आज्ञावली कुलुपात ठेवण्याची चाल पडली होती. या मंडळींनी ते कुलूप काढले. त्यांतील अनेकांना १९५३ सालची ए-टू ठाऊकही नसेल. परंतु ज्ञान वाटल्याने त्यातील दोष कमी होतात, हा त्यांचा विश्वास हॉपरबाईंचाच आहे.

परीक्षेच्या दिवसांत आपल्या टिपणवह्या लपवून ठेवणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांनी या चरित्रातून निदान एवढे तरी घ्यावे.