वालचंद हिराचंद आणि दारातील त्रिकोणी काच

उद्योगमहर्षी वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. रेल्वेची कंत्राटे घेता घेता, परकीय सत्तेला न जुमानता त्यांनी जहाजे चालविली, बंगलोरला विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५३ मध्ये ते निवर्तले.

पुढे त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघाली. आराखडा इटलीच्या फियाटचा. पुढच्या दारातील छोटी त्रिकोणी काच फिरविली, की वारा थेट अंगावर येई. गिअरचा दांडा स्टीअरिंगलगत, म्हणून पुढे तिघे मावत. २०२३ मध्ये मुंबईची पद्मिनी टॅक्सी थांबली.

वालचंदांनी पद्मिनी पाहिली नाही. पण मोटार इथेच बनावी हा त्यांचा हट्ट नसता, तर टॅक्सीतल्या सामान्य उतारूला तो वारा लाभला नसता.