डॉ. विक्रम साराभाई

अवकाशात फिरणारा उपग्रह आजारी पडला तर त्याच्याकडे वैद्य धाडता येत नाही. आपल्या विजेऱ्यांत किती शक्ती उरली, अंग किती तापले, याचे आकडे तो स्वतःच रेडिओलहरींनी खाली पाठवितो. भूकेंद्रातील यंत्रे ते आपोआप टिपून घेतात आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की इशाराही देतात. दुरून नाडी पाहण्याची ही विद्या ज्यांच्या दूरदृष्टीमुळे आपल्या देशात रुजली, त्या डॉ. विक्रम साराभाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी झाला. केंब्रिज येथे शिकत असता दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा ते स्वदेशी परतले व बंगळूरला सर चंद्रशेखर रामन यांच्याजवळ विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. विश्वकिरण मोजणारी तिची उपकरणे पुढे कोडाईकनाल, त्रिवेंद्रम व गुलमर्ग येथेही बसविण्यात आली. दूरदूरच्या ठिकाणी यंत्राने अखंड नोंद करावी आणि माणसाने त्या नोंदीवरून आकाशाची स्थिती ताडावी, ही सवय त्यांस येथेच जडली असावी, असे आम्हांस वाटते.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिला अग्निबाण उडाला. तेथे एका जुन्या चर्चचीच कार्यशाळा झाली होती! दरिद्री देशाला हे थेर कशाला, असे पुष्कळांस वाटे. साराभाईंचे मत नेमके उलट होते : जेथे शाळा व दवाखाना पोहोचत नाही, त्या खेड्यालाच उपग्रहाची गरज अधिक. म्हणून उपग्रह हाती येण्याच्या कितीतरी आधी, १९६७ साली, त्यांनी अहमदाबादेत प्रायोगिक भूकेंद्र उभारले. तेथे भारतीय अभियंते तयार झाले. पाठोपाठ पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे मोठ्या केंद्राचे काम सुरू झाले.

ते पुरे झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ५२. दोनच महिन्यांनी आर्वीचे केंद्र सुरू झाले व त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

१९ एप्रिल १९७५ रोजी 'आर्यभट' रशियातून अवकाशात गेला. थोड्याच दिवसांत त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्यावरील प्रयोग बंद करावे लागले. तरी भूकेंद्राशी त्याचा संपर्क पुढे कित्येक वर्षे टिकला, आणि रोग्याच्या त्या आकड्यांवरूनच आपले अभियंते पुष्कळ शिकले.

साराभाईंच्या हयातीत, १९६९ साली, अमेरिकेशी एक करार झाला होता. त्यानुसार १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. आपला जिल्हा तेव्हा ज्यात होता, ते आंध्र प्रदेश त्यांपैकी एक. सकाळी शाळेतील मुलांसाठी व संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी असलेले हे कार्यक्रम उपग्रहाकडे धाडीत होते ते अहमदाबादचे तेच जुने भूकेंद्र.