वेल्लोरचं सीएमसी उभं करणाऱ्या इडा स्कडर यांना डॉक्टर व्हायचंच नव्हतं

मोठं आजारपण आलं की आजही अनेकजण तमिळनाडूतल्या वेल्लोरची गाडी पकडतात. तिथलं सीएमसी सुरू झालं ते बंगल्यातल्या एका खोलीतून.

इडा स्कडर मिशनरी डॉक्टरांच्या घरातल्या, पण त्यांना हे काम नको होतं. मग तिंडिवनममध्ये एका रात्री तीन घरची माणसं अडलेल्या बाळंतिणींसाठी दारात आली. पुरुष डॉक्टर चालणार नव्हता, म्हणून वडिलांना कुणी नेलं नाही. इडांना काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिघीही गेल्या.

त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. न्यूयॉर्कचे बँकर रॉबर्ट शेल यांनी बायकोच्या आठवणीत हॉस्पिटल बांधायला १० हजार डॉलर दिले. १९०० मध्ये त्या वेल्लोरला आल्या आणि मे महिन्यात, ज्यांच्या हाताखाली शिकायचं ते वडीलच वारले.

पैसे होते, पण नवख्या डॉक्टरीणबाईंकडे येणार कोण? इमारतीसाठी थांबल्या असत्या तर खाटा रिकाम्याच राहिल्या असत्या. त्यांनी बंगल्यातच दवाखाना थाटला आणि दोन वर्षांत सुमारे ५ हजार पेशंट तपासले. १९०२ मध्ये ४० खाटांचं मेरी टेबर शेल हॉस्पिटल उघडलं. आता पेशंट होते, हात कमी होते. म्हणून १९०९ मध्ये नर्सिंग स्कूल आणि १९१८ मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल सुरू झालं.