विश्लेषण : दादासाहेब फाळके यांच्या फिल्मवर चित्र टिकायचे कसे? जिलेटिनच्या जाळीचे विज्ञान काय सांगते?

नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत असतात. मात्र फाळके जितके दिग्दर्शक होते, तितकेच डार्करूममधले तंत्रज्ञही होते. फिल्मवरचा जिलेटिनचा पातळ थर, त्यात रुतलेले चांदीच्या क्षाराचे कण आणि त्या थरातून ये-जा करणारी रसायने, यांच्या भरवशावर त्यांनी घरदार पणाला लावले. जेलमधून सूक्ष्मकण कसे सरकतात, हा आज नॅनोविज्ञानातला कळीचा प्रश्न आहे. फाळके यांच्या आयुष्याकडे त्या बाजूने पाहिले तर काय दिसते?

त्र्यंबकेश्वरपासून छापखान्यापर्यंत…

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ मध्ये धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथेच कॅमेरा हाती आला. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. नंतर पुरातत्त्व खात्यात त्यांनी छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या लाटेत ती सोडून छापखाना काढला आणि १९०९ मध्ये तीनरंगी छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी जर्मनी गाठली. भागीदारांशी न पटल्याने चालता छापखानाही सोडावा लागला. चाळिशीत पदरी काही नव्हते. होती ती प्रकाश आणि रसायने हाताळण्याची वीस वर्षांची सवय.

विमा पॉलिसी गहाण का ठेवली?

गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिल्यावर आपल्या देवादिकांच्या कथाही पडद्यावर याव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. रात्रंदिवस प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे चित्रपटनिर्मिती शिकून त्यांनी कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म मागवण्याची व्यवस्था केली. परतल्यावर रोपाच्या वाढीचे एकेक चित्र टिपून त्यांनी छोटी फिल्म तयार केली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले.

फिल्मवर नेमके काय असते?

कच्च्या फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन हे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून मिळणारे प्रथिन, म्हणजेच नैसर्गिक पॉलिमर. त्याचे लांब धागे एकमेकांत गुंतून जाळी बनते. पाणी शोषले की ही जाळी फुगते आणि तिची छिद्रे काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंत होतात. तिच्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक रुतलेले असतात. ते मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान, तरीही छिद्रांपेक्षा कितीतरी मोठे. त्यामुळे ते जागचे हलत नाहीत. डेव्हलपरचे रेणू एका नॅनोमीटरहून लहान, म्हणून ते सहज आत शिरतात. कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीतून एकटा माणूस वाट काढतो, हातगाडी मात्र अडून राहते, तसाच हा प्रकार.

प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे डेव्हलपर धातुरूप चांदीत रूपांतर करतो. प्रकाश न पडलेले स्फटिक काढून टाकायचे असतात, पण ते तर जाळीत अडकलेले. इथे हायपो कामी येतो. तो स्फटिकाला विरघळवतो. त्यातून बनणारे आयन लहान असल्याने जाळीतून बाहेर पडतात. चांदी तिथेच राहते. तेच चित्र.

घाई का चालत नाही?

पाण्यात कण जितका मोठा, तितके त्याचे विसरण मंद, हा नियम आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडला. जेलमध्ये त्यात जाळीच्या मापाची भर पडते. छिद्रापेक्षा लहान कणाला ते जवळजवळ पाण्यासारखेच वाटते, मोठ्याला भिंतीसारखे. धागे कायमचे जोडलेले नसतील, म्हणजे साधे पॉलिमर द्रावण असेल, तर धागे सरकतील तसा मोठा कणही हळूहळू पुढे जातो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: थर दुप्पट जाड झाला तर वेळ चौपट. म्हणूनच फिल्म धुण्यात घाई चालत नाही. थराच्या तळाशी हायपो उरला तर काही काळाने चित्र पिवळे पडून विरते.

उष्ण हवेत आणखी एक धोका असतो. ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जिलेटिनची जाळी सुटू लागते आणि चित्रासकट थर निसटू शकतो. यावर छायाचित्रकारांचा जुना उपाय म्हणजे क्रोम तुरटी. तिच्यामुळे धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात, जाळी घट्ट होते आणि कमी फुगते.

हे काम कोण करत असे?

दादरच्या घरात दिवसा चित्रीकरण चाले. रात्री सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडत, रसायने मिसळत, फिल्म धुण्यास मदत करत आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही त्याच सांभाळत. श्रेयनामावलीचा तो काळ नव्हता, पण पहिल्या भारतीय चित्रपटाची चांदी जागेवर राहिली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

नाशिकमध्ये काय घडले?

त्याच वर्षी फाळके यांनी मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंका दहन’ (१९१७), ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे चित्रपट त्यानंतरचे. हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, पण भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते जवळपास विस्मरणात गेले होते.

आज त्याचे महत्त्व काय?

त्यांच्या बहुतेक फिल्म आज नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. त्या काळची पट्टी नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि कुजताना निघणारे वायू जिलेटिनही खातात. म्हणजे जाळीने कण धरून ठेवले, तरी जाळीला धरून ठेवणारी पट्टीच दगा देते. जुन्या फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवण्याचे कारण हेच.

प्रयोगशाळांमध्ये मात्र आज उलटा प्रश्न आहे. फुफ्फुसातला कफही एक जेलच. त्यातून औषधाचे नॅनोकण पलीकडे पोहोचवायचे, तर कणाचे माप छिद्राहून लहान हवे आणि त्याचा पृष्ठभाग धाग्यांना न चिकटणारा हवा. फाळके यांना कण जागेवर हवा होता, औषधाच्या संशोधकांना तो पलीकडे हवा आहे. जाळीचे गणित दोघांचेही एकच.