रसायनवेत्ता जर्मेन हेन्री हेस

सांगली-तासगांवाकडील द्राक्षमळ्यांत चुन्याबरोबर फवारण्यासाठीं लागणारें मोरचूद व कल्हईवाल्याचा नवसागर हे क्षार आमच्या वाचकांस परके नाहींत. नवसागर पाण्यांत विरघळूं लागला म्हणजे भांडें हातास गार लागतें. सोऱ्याच्या अशाच गुणावर अकबर बादशहाच्या पदरीं पाणी थंड करीत असत. अशा उष्णतेचा हिशेब कसा मांडावा हें ज्यानें दाखविलें, त्या हेसचें हें अल्प चरित्र.

त्याचा जन्म १८०२ त जिनीव्हा शहरीं झाला. वडील चित्रकार होते. ते रशियांत शिक्षकाच्या नोकरीवर गेल्यामुळें लहानपणींच रशिया हा त्याचा देश झाला. दॉर्पात येथें वैद्यकीची पदवी घेऊन तो थोडे दिवस स्टॉकहोमला बर्झेलियसच्या सान्निध्यांत राहिला, व पुढें सैबेरियांतील इर्कुट्स्क येथें वैद्यकी करीत असतां तिकडील खनिजें तपासूं लागला. १८२८ त सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान-अकादमींत त्याचा प्रवेश झाला. १८३१ त त्याचें रसायनाचें पाठ्यपुस्तक रशियन भाषेंत निघालें. ही त्याची जन्मभाषा नव्हे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तीव्र गंधकाम्लाचा अमोनियाशीं संयोग केला तर पुष्कळ उष्णता निघे. तेंच अम्ल आधीं पाण्यांत ओतून सौम्य केलें, तर कांहीं उष्णता तेव्हांच निघे, आणि मागाहून अमोनिया घातल्यावर तेवढीच कमी निघे. बेरीज दोन्हीकडे एकच! यावरून १८४० त त्यानें नियम मांडला कीं, आरंभ व शेवट तेच असतील तर एका पायरीनें जा कीं चार पायऱ्यांनीं जा, एकंदर उष्णता बदलत नाहीं. शक्तीच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त मायरनें मांडला तो १८४२ त. म्हणजे हेसच्या पाठीशीं त्या वेळीं थर्मामीटर व तराजू यांवांचून दुसरा आधार नव्हता.

या नियमाची किंमत मोरचुदावरून कळेल. निळे खडे तापवून त्यांतील पाणी घालविलें कीं पांढरी भुकटी उरते. तिला पुन्हां पाणी मिळून खडे बनतांना किती उष्णता निघते, हें सरळ मोजतां येत नाहीं, कारण पाणी भुकटींत सारखें मुरत नाहीं. म्हणून लोकरीनें वेढलेल्या पेल्यांत मोजून पाणी घ्यावें, तपमान टिपावें, तोललेली भुकटी टाकून ढवळावें, आणि पारा किती अंश चढला तें पाहावें. पाण्याचें वजन, त्याची विशिष्ट उष्णता व चढलेले अंश यांचा गुणाकार म्हणजे निघालेली उष्णता. (मोरचूद विषारी आहे, प्रयोग शिक्षकांसमोरच करावा.) एका मोलाला, म्हणजे सुमारें १६० ग्रॅम भुकटीला, अशी ६६ किलोजूल उष्णता निघते. तितक्याच भुकटीपासून झालेले २५० ग्रॅम निळे खडे विरघळतांना मात्र उलट १२ किलोजूल शोषले जातात. शेवटचें द्रावण दोन्हीकडे सारखेंच. तेव्हां ६६ व १२ मिळून ७८ किलोजूल, हीच ती न मोजतां येणारी उष्णता.

हेसला प्रकृतीनें साथ दिली नाहीं. १८५० त, ४८ व्या वर्षीं, तो वारला. पुढें डेन्मार्कच्या थॉमसेननें व फ्रान्सच्या बर्तेलोनें तोच नियम आपापल्या प्रयोगांतून मांडला, आणि मूळ पुरुषाचें नांव मागें पडलें. जर्मन रसायनवेत्ता ओस्टवाल्ड यानें तें श्रेय पुन्हां हेसच्या पदरीं घातलें. अल्ताई पर्वतांत सांपडलेल्या, रुपें असलेल्या एका खनिजाला मात्र हेसाइट हें नांव त्याच्या हयातींतच, १८४३ त, मिळालें होतें.