कुरुंद्याचे गुरुजी

वसमत तालुक्यातील कुरुंदा ह्या गावाचे नाव ज्या आडनावाने सबंध महाराष्ट्रात नेले, त्या पुरुषाची ओळख खुद्द ह्या भागातील दुकानदारांच्या मुलांस कितपत आहे, ह्याविषयी आम्हांस शंकाच वाटते. मुलांस समता कशी शिकवावी ह्या विषयावर सभा पुष्कळ होतात. म्हणून नरहर अंबादास कुरुंदकर ह्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि किशोरवयातच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाकडे ओढले गेले. मराठीचे व्यासंगी अभ्यासक डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. वाचन अफाट, परंतु इंटरच्या परीक्षेने त्यांस दाद दिली नाही. पदवी हाती नसतानाच ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. नापास मुलास निर्बुद्ध मानणाऱ्या आईबापांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. पुढे ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व अखेरीस प्राचार्य झाले. तरी लोक त्यांस गुरुजीच म्हणत राहिले.

ब्राह्मण घरात जन्मून त्यांनी मनुस्मृतीची जी परखड चिकित्सा केली, ती आम्हां वकिलांस विशेष मोलाची वाटते. ग्रंथ न वाचता त्याची पूजा करणारे आणि न वाचता त्यास शिव्या देणारे, दोघेही त्यांस सारखेच नापसंत होते. व्यापारी वाचकांनी त्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील व्याजाचा दर अवश्य पाहावा. कर्ज तेच, रक्कम तीच. पण ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच घ्यावे, असे तेथे सांगितले आहे! भारतीय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने १९५० साली कायद्यापुढे सर्वांस समान केले खरे. पण ओळखीच्या गिऱ्हाईकास एक भाव आणि वस्तीवरून आलेल्या मजुरास दुसरा, हे गल्ल्याशेजारी बसलेले पोर रोज पाहते. त्यास संविधान कोण शिकविणार?

राष्ट्र सेवा दलाच्या अभ्यास शिबिरांत कुरुंदकर तरुणांपुढे तासन् तास बोलत. हिंदूंच्या सनातनीपणावर त्यांनी लिहिले तसेच मुसलमानांच्याही लिहिले. त्यामुळे दोहोंकडून रोष ओढवला, परंतु मोजण्याचे माप त्यांनी बदलले नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, व्यासपीठावरच, त्यांचे निधन झाले. वयास पन्नासही पुरी झाली नव्हती.

येत्या १५ जुलै रोजी कुरुंद्याच्या शिक्षकांनी हार घालून मोकळे होऊ नये, अशी आमची विनंती आहे. सातवीच्या मुलांस फळ्यावर एक गणित घालावे: शंभर रुपयांचे वर्षाचे व्याज वरील चार दरांनी किती होते? चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस आणि साठ, ही उत्तरे आली की मास्तरांनी काही न बोलता खडू खाली ठेवावा आणि पहिला हात कोणाचा वर होतो ते पाहावे.